केसांवरून दातांकडे

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. वाळूमाशीच्या वर्गीकरणाचा इतिहास वाचताना तेही पुसले गेल्याचे आम्हाला जाणवते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर शेणमातीत या माशीला आसरा मिळतो. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. बसली की पंख उभारते, उडते ती टुणटुण उड्या मारल्यासारखी. वाळूशी तिचा संबंध बहुधा नावापुरताच!

आरंभीच्या अभ्यासकांनी हिच्या जाती पोटावरच्या केसांवरून पाडल्या : केस उभे की आडवे. पण हाताळताना केस झडतात. मग ओळखायचे कशावरून? १९२०च्या दशकात जॉन सिंटन या लष्करी डॉक्टरांनी माशीच्या आत पाहिले. १९१६ साली मेसोपोटेमियाच्या रणात दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळ्या गेल्या असतानाही जखमींना न सोडणारे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे हेच सिंटन. त्या हातांनी पुढे माशीची मुखपोकळी, घसा आणि मादीची वीर्य साठवणारी इवलीशी पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली मांडली. मुखपोकळीत दातांची ओळ आहे की नाही, हा भेद केसांपेक्षा भरवशाचा ठरला.

त्यातून दोन घराणी ठळक झाली. फ्लेबोटोमस माणसाचे, गुराढोरांचे रक्त पिणारी. काळ्या आजाराची वाहक तिच्यातलीच. दातेरी मुखाची सर्जेंटोमिया मुख्यतः पाली-सरड्यांवर जगणारी, म्हणून दुय्यम. शरीररचनेवरून पाडलेल्या भेदाला असा प्रतिष्ठेचा भेद चिकटला, आणि आमच्या मते खरी चूक इथे झाली.

१९६५ साली नागपुरात दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. चांदीपुरा हे त्याचे नाव तिथल्याच गावावरून आले. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत पकडलेल्या फ्लेबोटोमस माश्यांतही तो मिळाला, तेव्हा संशय अपेक्षित घराण्यावरच गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. त्यानंतर, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हाच विषाणू करीमनगर जिल्ह्यातल्या सर्जेंटोमिया माश्यांत आढळला. सिरोंचाहून पाहिले तर तेव्हाचा तो जिल्हा गोदावरीच्या पलीकडच्या काठाला लागूनच. माशीत विषाणू सापडणे म्हणजे तीच रोग पसरवते हे सिद्ध होणे नव्हे, हे खरे. परंतु तिला दुय्यम मानण्याची सोय मात्र संपली.

२००७ मध्ये नागपूर विभागात मुलांना या विषाणूच्या मेंदूज्वराने गाठले. हे दोन्ही जिल्हे त्याच विभागातले. भिंतीवरून शोषनळीने टिपलेली माशी कोणत्या घराण्याची, हे रचनेवरून ठरवायचे तर आजही तिचे डोके वेगळे करून काचपट्टीवर घ्यावे लागते.