इम्प्लांटची कॅप नीट बसली का? उत्तर क्ष-किरण चित्रात

गमावलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसविण्याची पद्धत आता शहरांतून चांगलीच रुळली आहे. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते, हे या उपचाराचे मूळ तत्त्व. मात्र, हाडाने इम्प्लांट धरले म्हणजे काम संपले असे नाही. त्यावर बसणारे भाग तंतोतंत जुळले आहेत की नाहीत, याची खातरजमा तितकीच महत्त्वाची ठरते.

इम्प्लांटचे साधारणतः तीन भाग असतात. हाडातील स्क्रूसारखा भाग, त्यावर बसणारे अबटमेंट आणि वरची कॅप. पहिल्या दोहोंचा सांधा बहुधा हिरडीखाली असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही. सांध्यात हिरडीचा तुकडा अडकला, कडेचे हाड आड आले किंवा अबटमेंट खाचेत न उतरता कोपऱ्यावर टेकले, तर तेथे फट राहते. नैसर्गिक दाताभोवती असणारे संवेदनशील तंतू इम्प्लांटभोवती नसतात. त्यामुळे ही चूक रुग्णाला जाणवेलच असे नाही. पुढे मात्र स्क्रू सैल होणे किंवा तुटणे, फटीत जंतू साचून हिरडी सुजणे, हाड झिजणे असे त्रास संभवतात.

तपासणी केव्हा?

दाताचे माप घेताना, अबटमेंट बसविल्यावर आणि कॅप कायमची पक्की करण्यापूर्वी छोटे क्ष-किरण चित्र घेतले जाते. मापाच्या वेळीच फट राहिली, तर प्रयोगशाळेत तयार होणारी कॅपही चुकते. सिमेंटने चिकटविलेल्या कॅपबाबत हिरडीखाली उरलेले सिमेंटही काही वेळा या चित्रात दिसते.

कोन महत्त्वाचा

फिल्म किंवा सेन्सर इम्प्लांटला समांतर हवा आणि किरण त्यावर काटकोनात पडावयास हवेत. कोन थोडा चुकला तरी दोन्ही भागांच्या कडा एकमेकींवर येऊन फट झाकली जाते. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना स्वच्छ दिसणे, ही कोन बरोबर असल्याची खूण होय. आटे पुसट दिसल्यास चित्र पुन्हा घेणे इष्ट. संपूर्ण जबड्याचे ओपीजी चित्र या कामासाठी पुरेसे सूक्ष्म नसते, तर सीबीसीटी स्कॅनमध्ये धातूमुळे सांध्याभोवती छटा उमटतात.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. चित्र सपाट असल्याने गालाच्या किंवा जिभेच्या बाजूची फट त्यात दिसत नाही आणि अतिसूक्ष्म फट निसटू शकते. म्हणून बोटाला लागणारी पकड, स्क्रूची घट्टता आणि चावा यांचीही पडताळणी करावी लागते.

किरणांची भीती किती?

दाताच्या एका छोट्या चित्रातून मिळणारी किरणांची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट इतकीच असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. तरीही विनाकारण चित्र घेऊ नये, हा नियम कायम आहे. भारतात दंतवैद्यकातील क्ष-किरण यंत्रांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

कॅप बसविल्या दिवशीचे चित्र रुग्णाने जपून ठेवावे. पुढील तपासण्यांत हाड किती झिजले, हे त्याच्याशी तुलना करूनच समजते. पहिल्या वर्षानंतर ही झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, असा निकष १९८६ पासून रूढ आहे.