एका पट्ट्याची गोष्ट

भाऊबीजेला पेणहून रोह्याला बहिणीकडे निघालो होतो. वडखळ मागे पडलं आणि नागोठण्याच्या अलीकडे गाडी एकदम गप्प झाली. ना आवाज, ना धूर. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतंय असं वाटलं, पण पकडेना. शेवटी एका टेम्पोला टोचन लावून रोह्याला पोचलो. ओवाळायला बहीण ताट घेऊन दुपारपर्यंत थांबली होती.

तिथला मेकॅनिक माझाच विद्यार्थी. झाकण उघडून म्हणाला, "सर, टायमिंग बेल्ट तुटला. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप आणि मजुरी मिळून ४,८०० रुपये. मी म्हटलं होतं, "चालतेय ना गाडी? बघू पुढच्या दिवाळीला." आता हेड खोलावं लागलं, वाकलेल्या झडपा बदलाव्या लागल्या. बिल झालं २७,४०० रुपये. बहीण म्हणाली, "दादा, विकली तर तेवढे तरी येतील का रे तिचे?" पेन्शनीतल्या माणसाला हा प्रश्न बरोबर लागतो.

मास्तरकी अंगात मुरलेली. त्यामुळे हा पट्टा गाडीत आला कुठून, ते शोधत बसलो.

इंजिनात क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरायला हवा, म्हणजे झडपा वेळेवर उघडतात आणि मिटतात. हा मेळ पूर्वी दातेरी चाकं किंवा लोखंडी साखळी सांभाळत असे. आपला जिल्हा कुलाबा होता (रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं), त्या काळात इकडे दिसायच्या त्या फियाट आणि अँबॅसिडर अशाच साखळीवाल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी घ्या. तिचा कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ब्लॉकमध्येच होता. त्यामुळे साखळी आखूड आणि तेलात भिजलेली. ढिली झाली की खडखडायची. मुरलेला ड्रायव्हर नुसत्या कानाने ओळखायचा.

पुढे कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये गेला. अंतर वाढलं, साखळी लांब झाली, महाग पडू लागली आणि आवाजही करू लागली. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या '१००४' या गाडीत दाते असलेला रबरी पट्टा बसवला. सर्रास विकल्या गेलेल्या गाड्यांत असा पट्टा वापरणारी हीच पहिली मानतात. पट्टा हलका, स्वस्त, शांत, आणि त्याला तेलही नको. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, ती कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली. पट्टा मात्र जगभर पसरला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यातही पट्टाच होता.

मला यात एक गंमत दिसते, आणि थोडी खंतही वाटते. साखळी काढून पट्टा लावला तेव्हा कारखान्याचा खर्च वाचला, पण तो नाहीसा झाला नाही. काही वर्षांनी तो मालकाच्या वहीत येऊन बसला. दुसरं असं की देखभालीचं काम कानाकडून कॅलेंडरकडे गेलं. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं. गाडी दारात उभी असली तरी वर्षं मोजली जातातच. पट्टा झाकणाआड असतो, दिसत नाही, आणि बहुधा तुटण्याआधी बोलतही नाही. माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते, म्हणून मी निर्धास्त होतो. चुकलं ते तिथेच.

शिवाय काही इंजिनांत पट्टा तुटला तर गाडी फक्त थांबते. काहींत उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळतो. माझी दुसऱ्या जातीची निघाली.

आता पुष्कळ कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या आहेत. मारुतीच्या २००८ पासूनच्या के मालिकेतल्या इंजिनांना साखळीच आहे. पण जुन्या गाड्या आपल्यासारख्यांच्या दारात अजून आहेतच.

तेव्हा मंडळी, गाडीचं पुस्तक काढा. पट्टा किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायचा ते बघा, दोन्हींत जे आधी येईल ते धरा. जुनी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे पावती नसेल, तर बदललेला नाही असंच समजा.

माझ्या विद्यार्थ्याने नवा पट्टा बसवून झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. वर म्हणाला, "सर, आता गृहपाठ वेळेवर करा."