सूर्यास्तानंतरचे बुडबुडे

धाराशिव जिल्ह्यात बांधावरून वाद पेटला की पूर्वी भूकरमापक साखळी घेऊन यायचा. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. आता त्याच्या हातात रोव्हर असतो. उपग्रहांचे सिग्नल आणि जमिनीवरच्या कायमस्वरूपी संदर्भ केंद्राकडून, म्हणजे कॉर्स केंद्राकडून, आलेली दुरुस्ती यांचा मेळ घालून तो गटाचा कोपरा काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने दाखवतो. साखळी उन्हाने लांबायची. रोव्हरची अडचण शेकडो किलोमीटर उंचावर, वातावरणाच्या विद्युतभारित थरात म्हणजे आयनांबरात आहे, आणि तिचे मूळ गाव पेरू देशात सापडते.

वांकायो हे ते गाव. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या तिथल्या वेधशाळेत आयनांबरावरून परतणारा रेडिओचा प्रतिध्वनी दिवसा रेखीव उमटे, रात्री मात्र विस्कटून जाई. बुकर आणि वेल्स या संशोधकांनी १९३८ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९४६ मध्ये ब्रिटिश संशोधकांना हंस तारकासमूहातून येणाऱ्या रेडिओलहरी लुकलुकताना दिसल्या. स्रोतच तसा असावा, असे आधी वाटले. दोन दूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी ऐकल्यावर लुकलुक जुळेना, तेव्हा दोष आपल्याच आकाशाचा ठरला.

सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा थर झपाट्याने विरळ होतो आणि दाट प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, वर राहतो. तेल खाली आणि पाणी वर ठेवल्यासारखी ही स्थिती टिकत नाही. विरळ भाग बुडबुड्यांसारखा वर उसळतो आणि त्यातून जाणारा सिग्नल लुकलुकतो. पेरूतल्याच हिकामार्का रडारने १९७० च्या दशकात हे उसळणे टिपले.

भारतात चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जाते. धाराशिव त्याच्या उत्तरेला सुमारे हजार किलोमीटर. बुडबुडा पाचसहाशे किलोमीटर उंच चढला तरच चुंबकीय रेषांवरून त्याची शेपटी इथवर पोहोचते. त्यामुळे हा उपद्रव रोजचा नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री, त्यातही सूर्यावर डागांची गर्दी असलेल्या वर्षांत, तो वाढतो. या लुकलुकीच्या नोंदी ठेवणाऱ्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचे मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली होती.

मोजणीवाल्यांचे नशीब असे की सरकारी मोजणी दिवसा होते. दुपारी आयनांबर सर्वांत दाट असते आणि सिग्नलला उशीर होतो, पण हा उशीर जवळच्या केंद्राशी ताडून वजा करता येतो. रात्रीची लुकलुक वजा होत नाही. सिग्नलची ताकद क्षणाक्षणाला कोसळते, रिसीव्हरची त्याच्यावरची पकड सुटते आणि रोव्हर ‘फिक्स’ म्हणजे पक्की जागा द्यायचे सोडून ‘फ्लोट’वरच, अंदाजी जागेवरच, अडकतो.

खरा घोर रात्रीही उडणाऱ्या विमानांचा. अमेरिकेची उपग्रह-दुरुस्ती पद्धत तिथल्या शांत मध्य अक्षांशांसाठी घडलेली. ती जशीच्या तशी इथे चालली नसती. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ या आपल्या दुरुस्ती पद्धतीसाठी भारतीय आयनांबराचे वेगळे गणित बसवले. डिसेंबर २०१३ मध्ये गगनला पहिले प्रमाणपत्र मिळाले.

‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीत एल५ पट्ट्यासोबत २४९२ मेगाहर्ट्झचा एस पट्टाही घेतला गेला. वारंवारता जितकी जास्त तितका आयनांबराचा त्रास कमी, म्हणून चुंबकीय विषुववृत्तावरच्या देशाला ही निवड शोभणारी होती. पण बाजारातले बहुतेक मोबाइल एस पट्टा ऐकतच नाहीत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर अखेर १५७५ मेगाहर्ट्झचा, जीपीएसवाला एल१ पट्टाही चढवावा लागला.