मस्टर उघडे, खाते बंद

भात-नागलीची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्यातल्या अनेक कुटुंबांपुढे दोन वाटा असतात : वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, नाहीतर गावाजवळचे रोजगार हमीचे काम. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

या कामाचा कणा म्हणजे मस्टर, अर्थात हजेरीपट. कोण किती दिवस राबले, मजुरी किती झाली, ते त्यावर असते. हे कागद कुलपात राहिले की त्यात न आलेल्या मजुरांची नावे घुसतात. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत अशा नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या, तेव्हा कित्येक खोटी नावे उघडी पडली. म्हणून २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात मस्टर लोकांना पाहायला खुले ठेवले गेले. ते योग्यच होते.

पुढे नोंदी संगणकावर गेल्या, मजुरी बँकेत जमा होऊ लागली. नाव आणि दिवस यांच्या शेजारी खाते क्रमांक व आधार क्रमांक येऊन बसले. उघडी ठेवायची आणि झाकायची माहिती एकाच नोंदीत आली.

यावर विचार झाला नव्हता असे नाही. आय.बी.एम.च्या ग्रिफिथ्स आणि वेड यांनी १९७६ मध्येच डेटाबेसमधले अधिकार कसे द्यावेत आणि काढून घ्यावेत हे मांडले होते. तक्त्याचा हवा तेवढाच भाग दाखवणारा ‘व्ह्यू’ करून फक्त त्याचा अधिकार देता येतो. साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये सांगितले होते, की प्रत्येक मागणीच्या वेळी अधिकार तपासला पाहिजे. ओळख पटणे वेगळे, अधिकार असणे वेगळे. शाळेत आलेला पालक ओळखीचा असतो. म्हणून त्याला जनरल रजिस्टरचे प्रत्येक पान आपण दाखवत नाही.

मे २०१७ मध्ये बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचा अहवाल आला. रोजगार हमीच्या देशव्यापी संकेतस्थळासह चार सरकारी ठिकाणी मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक आणि १० कोटी खाते क्रमांक उघडे असावेत, असा त्याचा अंदाज होता. सामाजिक साहाय्याच्या निवृत्तिवेतन संकेतस्थळावर तर पत्त्यातला ‘नोलॉगिन’ हा शब्द बदलून ‘लॉगिन’ केला की बंद माहिती दिसे. दारावरच्या रखवालदाराने येणाऱ्यालाच विचारावे, “तुम्हाला परवानगी आहे ना?” आणि होकारावर दार उघडावे, तसे हे झाले.

अशी चूक घाईच्या सरकारी कामातच होते असे समजू नये. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस प्रश्नाचे उत्तर लवकर शोधता यावे म्हणून तक्त्यात वारंवार येणाऱ्या मूल्यांची टिपणे ठेवतो. अशी काही टिपणे दाखवणाऱ्या दोन व्ह्यूंमध्ये अधिकाराची तपासणीच राहून गेली होती. मूळ तक्ता बंद, पण त्यातली मूल्ये टिपणांतून वाचता येत. मे २०२४ मध्ये दुरुस्ती आली. गंमत अशी, की नवी आवृत्ती बसवूनही आधीच्या डेटाबेसात फट तशीच राही. तिच्यासाठी वेगळी आज्ञावली चालवावी लागे.

वर्गात एक खेळ करून पाहता येईल. मस्टरचे रकाने फळ्यावर लिहावेत : नाव, गाव, जात, दिवस, मजुरी, खाते, आधार. कोणता रकाना कोणाला दिसावा? आधार आणि खात्यावर लगेच एकमत होईल. मजुरीवर थोडा वाद होईल. जातीच्या रकान्यापाशी मात्र तास संपेल.