दोन बाजूंचं शिबिर

शाळेत असताना वादविवाद स्पर्धेत 'विज्ञान : शाप की वरदान?' हा विषय होता. बाजू चिठ्ठी उचलून ठरायची. माझ्या चिठ्ठीत 'शाप' निघाला. मी तावातावाने बोललो आणि दुसरा नंबर मिळवला. घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, ''बक्षीस मिळालं ते कळलं. पण तुझं स्वतःचं मत काय?'' मला उत्तर देता आलं नाही. पुढे अमेरिकेतल्या ख्रिस्ती मुलांच्या उन्हाळी वादविवाद शिबिरांबद्दल वाचलं, तेव्हा अब्बांचा तो प्रश्न पुन्हा आठवला.

ही शिबिरं समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायला सुरुवात केली. सरकारी शाळेत मुलांची श्रद्धा ढळेल, ही त्यांची भीती. या पालकांच्या बाजूने कोर्टकचेऱ्या करण्यासाठी 1983 मध्ये एक संस्था निघाली. 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत घरशिक्षणाला कायद्याने वाट मिळाली. सरकारी अंदाजानुसार 1999 मध्ये अशी साडेआठ लाख मुलं होती; 2007 मध्ये ती पंधरा लाखांवर गेली.

घरी शिकलेलं मूल चारचौघांत बोलणार कसं? या काळजीतून त्याच संस्थेने 1996 मध्ये वादविवाद स्पर्धांची घडी बसवली. 2000 मध्ये त्यातून 'एनसीएफसीए' ही स्वतंत्र ख्रिस्ती संघटना उभी राहिली. बारा ते अठरा वयाची मुलं त्यात भाग घेतात. वर्षभर सगळ्यांसाठी एकच विषय असतो आणि त्याची तयारी सुरू होते ती उन्हाळी शिबिरांत.

शिबिर बहुधा एखाद्या चर्चच्या इमारतीत किंवा कॉलेजच्या आवारात भरतं. सकाळ प्रार्थनेने आणि बायबलवाचनाने उजाडते. मग व्याख्यान : मुद्दा कसा मांडायचा, पुरावा कशाला म्हणायचं, उलटतपासणी कशी घ्यायची. दुपार संशोधनाची. मुलं अहवाल, वृत्तपत्रं, तज्ज्ञांचे लेख चाळतात. उपयोगी उतारा सापडला की लेखकाचं नाव, त्याचा अधिकार आणि तारीख यांसह तो टिपून ठेवायचा. पूर्वी अशा कागदांनी भरलेली खोकीच्या खोकी मुलं ओढत न्यायची. जेवणानंतर सरावाचे सामने. दोघांचा एक संघ. आठ-आठ मिनिटांची मुख्य भाषणं, तीन-तीन मिनिटांची उलटतपासणी, पाच-पाच मिनिटांची खंडनं. समोरच्याचा प्रत्येक मुद्दा लांब कागदावर रकान्यांत उतरवायचा. ज्याला उत्तर दिलं नाही, तो मुद्दा गमावला. परीक्षक म्हणून बहुधा पालक किंवा गावातली साधी माणसं असतात. त्यामुळे भराभर बोलून चालत नाही, समजेल असंच बोलावं लागतं. स्पर्धेला मुलगे कोट-टाय घालून, मुली नीटनेटक्या सूटमध्ये. एरवी हसणारी-खिदळणारी ही मुलं एकदम वकील दिसू लागतात.

2008 च्या उन्हाळ्यात या शिबिरांत आपण होतो! पुढच्या वर्षाचा विषय होता : अमेरिकेने भारताविषयीचं धोरण लक्षणीयरीत्या बदलावं. म्हणजे आपल्याकडे अणुकरारावरून संसदेत सरकार पणाला लागलं होतं, त्याच दिवसांत तिकडच्या गावोगावची पंधरा-सोळा वर्षांची मुलं भारतावरचे अहवाल वाचत होती. 10 ऑक्टोबरला करारावर सह्या झाल्या आणि उन्हाळ्यात लिहिलेले मुद्दे जुने झाले. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. पुस्तकातला विषय असा डोळ्यांसमोर हलू लागला की मुलांना कळतं, आपण ज्याच्यावर वाद घालतो तो खऱ्या माणसांचा देश आहे.

आता खरी गोम. या स्पर्धेत एका फेरीत बदल हवा म्हणायचं आणि पुढच्या फेरीत नको म्हणायचं. बाजू निवडता येत नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणत : आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीने मांडायचं, मग उत्तर द्यायचं. अमेरिकेत मात्र या पद्धतीवर मोठा वाद झालेला आहे. 1954 मध्ये तिथल्या कॉलेजांसाठी विषय होता, कम्युनिस्ट चीनला राजनैतिक मान्यता द्यावी. वेस्ट पॉइंट आणि अॅनापोलिस इथल्या लष्करी व नौदल अकादमींनी आपल्या विद्यार्थ्यांना मान्यतेच्या बाजूने बोलू देण्यास नकार दिला. जे पटत नाही ते तोंडाने म्हटलं तर मनात शिरेल, ही ती भीती.

ज्या पालकांनी याच भीतीने मुलांना शाळेतून काढलं, त्यांनीच ती पद्धत स्वीकारली, हे मला विलक्षण वाटतं. मात्र त्यांनी एक खोली राखून ठेवली. याच स्पर्धांत श्रद्धेच्या समर्थनाचाही एक प्रकार असतो. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर प्रश्न : देव असताना जगात दुःख का? चार मिनिटं तयारी, सहा मिनिटं भाषण. इथे बाजू बदलत नाही. एका खोलीत दोन्ही बाजू, शेजारच्या खोलीत एकच.

पण एका खोलीतली सवय दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येते का? काही मुलांना ती आली. ती वकिलीत, राजकारणात गेली. घरशिक्षित मुलांसाठी 2000 मध्ये व्हर्जिनियात निघालेल्या पॅट्रिक हेन्री कॉलेजच्या संघाने 2004 मध्ये अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत ऑक्सफर्डच्या संघाला हरवलं. आणि काहींना ती काढून ठेवता आली नाही. 2013 मध्ये याच स्पर्धांतून गेलेल्या काही तरुणांनी पुढाकार घेऊन 'होमस्कूलर्स अॅनॉनिमस' हे व्यासपीठ उभारलं आणि ज्या घरांत ती वाढली, त्या घरांच्या चुका पुराव्यानिशी मांडायला सुरुवात केली. पुरावा कसा मांडायचा, हे त्यांना त्याच घरांनी शिकवलं होतं.

या दोन्ही तऱ्हेच्या मुलांना मी हरलेलं किंवा जिंकलेलं म्हणणार नाही. मीही श्रद्धेच्या घरात वाढलो. आपल्या मुलाने आपलंच म्हणावं, ही इच्छा कुठल्या धर्माच्या बापाला नसते? पण मुलाला बोलायला शिकवलं की ते कधीतरी आपल्याशीही बोलणार. ते ऐकायची तयारी हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. अब्बांनी मला विचारलं आणि उत्तर न आल्यावर ते रागावले नाहीत. ''विचार कर आणि सांग,'' एवढंच म्हणाले. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.