शनवार तेल्यांची विद्या



ज्यूंची विद्या म्हटली की वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे व्हिल्ना किंवा बगदाद येथील लांब दाढीचे पंडित उभे राहतात. ही मंडळी रात्रंदिवस ग्रंथात मान घालून बसलेली आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय दुसऱ्या कोणी तरी पाहिलेली, असे ते चित्र असते. आम्ही आज ज्यांची हकीकत सांगणार आहोत ते ज्यू या चित्रात बसत नाहीत. ते तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत आणि आपल्याच कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत राहत. शेकडो वर्षे त्यांच्यात एकही रब्बी नव्हता. तरीही त्यांनी विद्या मिळवली. कष्टकरी माणूस वाढत्या वयात, कामधंदा सांभाळून कसा शिकतो याचा हा आपल्या दारातला दाखला आहे आणि म्हणूनच आम्ही तो या व्याख्यानासाठी निवडला.

सुकापुराहून पनवेल शहरात जाण्यास फारसा वेळ लागत नाही. तेथे बेथ एल या नावाचे सिनेगॉग आहे. ‘बेथ एल’ म्हणजे देवाचे घर. ते १८४९ साली उभे राहिले. पनवेलची नगरपालिका जुनी म्हणून आपण अभिमानाने सांगतो. ती १८५२ सालची. म्हणजे शहराच्या कारभाराची कचेरी निघण्याआधी तीन वर्षे या लोकांचे प्रार्थनास्थान येथे होते. रेवदंड्याचे सिनेगॉग १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पेणचे १८६३ चे आणि ठाण्याचे १८७९ चे. ही बांधणारी माणसे कोण होती?

ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. त्यांची परंपरागत कथा अशी की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जेथे मूठमाती दिली ती जागा नवगावला दाखवतात. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्राने गिळली. पुढे वंश वाढला, गावोगाव पसरला आणि गावाच्या नावावरून आडनावे पडली: पेणकर, किहीमकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर. आपल्या शेजाऱ्यांची आडनावे जशी बनली तशीच यांचीही बनली.

पोथी नाही, गुरू नाही, लिहिता येत नाही. मग उरले काय? उरले ते अंगवळणी पडलेले. मुलाची सुंता, ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना, खाण्यापिण्याचे निर्बंध, काही सण आणि शनिवारचा विसावा. सणांची हिब्रू नावे विसरली गेली तेव्हा मराठी नावे आली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण आणि वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या दुःखाची आठवण कोकणातल्या एका पातेल्यातल्या बिरड्याने जपून ठेवली!

या सर्वांत शनिवारची गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. घाणा चालवणे हा त्यांचा मुख्य धंदा; परंतु शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. याचा हिशेब करून पाहावा. तेल रोज लागते, बैलाला वैरण रोज लागते आणि घाणेवाला आठवड्यातून एक दिवस, म्हणजे वर्षातून बावन्न दिवस, कमाई सोडून बसतो. त्याच्यावर कोणी सरकारी कायदा नव्हता, की दंड करणारा धर्मगुरू नव्हता. तोट्याचा सौदा त्याने पिढ्यान्‌पिढ्या स्वखुशीने केला. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतील मजुराला आठवड्याचा एक दिवस हक्काने मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ज्याने संघटनेचे काम केले आहे त्याला ठाऊक असते की सुट्टीचा दिवस हा नुसता हातपाय पसरण्याचा दिवस नसतो. माणूस त्या दिवशी स्वतःचा मालक असतो, आणि शिकायचे असेल तर ते त्याच दिवशी शिकतो. शनवार तेल्यांजवळ विद्या नव्हती, परंतु विद्येसाठी लागणारा दिवस होता. तो त्यांनी हातचा जाऊ दिला नाही, म्हणून पुढचे सर्व घडले.

पुढचे म्हणजे काय, ते क्रमाने पाहू. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला, अशी आठवण या समाजात सांगतात. हे लोक आपल्यापैकी आहेत की नाहीत याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी निवडली, बाकीची आम्ही खात नाही म्हणून बाजूला सारली. रहाबीला हवे ते उत्तर मिळाले. पहिली परीक्षा स्त्रियांची झाली आणि त्या उत्तीर्ण झाल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मग त्याने झिराड, राजपूर व शहापूर या घराण्यांतील तिघांना हिब्रू वाचन व धर्मविधी शिकवले. हे तिघे काजी झाले. गावोगाव फिरून ते लग्ने लावीत, तंटे मिटवीत आणि शिकवीत. गुरूच्या घरी जाणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दाराशी गुरूने जावे, ही रीत त्यांनी पाडली.

त्यानंतर मुंबईचे दिवस आले. घाणे सोडून बरेच जण कंपनी सरकारच्या फौजेत गेले, कोणी सुतार-गवंडी झाले, कोणी कारकून. फौजेतले सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत ‘शआर हारहामिम’, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग बांधले. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले होते; सुटका झाली तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, असे सांगतात. एकत्र जमण्याची जागा झाली. आता शिकवणारा हवा होता. तो कोचीनहून आला. १८२६ साली कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात आले आणि १८३३ साली शेलोमो सालेम शुर्राबी आले. शुर्राबी १८५६ साली वारले. तोपर्यंत तेवीस वर्षे त्यांनी प्रार्थना चालवल्या, शिकवले आणि ठिकठिकाणी सिनेगॉगे उभी राहण्यास चालना दिली. पनवेलचे बेथ एल या तेवीस वर्षांतलेच.

मिशनऱ्यांचाही वाटा सांगितला पाहिजे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. हेतू उघड होता: यांना शिकवावे आणि ख्रिस्ती करावे. बेने इस्राएलांनी शाळा घेतल्या, व्याकरण घेतले, जुना करार मराठीत वाचला आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. धर्मांतर करणारे फारच थोडे निघाले. समोरच्याचे ज्ञान घ्यावे आणि आपला निर्णय आपण करावा, हा शहाणपणा मोठाल्या विद्यापीठांतही सर्वांना साधत नाही.

परंतु खरे काम झाले ते मराठीत. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी हगादा वाचतात. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटल्याची ती कथा. मूल विचारते, आजची रात्र वेगळी का? वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यायचे असते. उत्तर समजत नसेल तर तो विधी पोकळ ठरतो. म्हणून १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह हगादा छापला गेला आणि १८७४ साली पुण्यात दुसरा निघाला. पुण्याच्या हगाद्यातील चित्रांत आपल्याकडील वेशातल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) या शिक्षकाने प्रार्थनांची व धर्माची पुस्तके हिब्रूतून मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला, तो त्यांच्या मागे १९३७ साली छापला गेला.

आणि ज्यांना पुस्तकही वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी कीर्तन आले. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनात लावली. साकी, दिंडी, अभंगाची चाल आपली आणि कथा तोऱ्याची. ज्योतिराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दोन्हींच्या मुळाशी आम्हाला एकच गोष्ट दिसते. दिवसा राबणाऱ्याला त्याच्या वेळी आणि त्याच्या बोलीत शिकवावे लागते.

सिनेगॉगमध्ये तोरा शनिवारी भागाभागाने वाचतात. वर्षात ती पुरी होते आणि लगेच पहिल्या पानापासून सुरू होते. म्हणजे तेथला अभ्यासक्रम कधी संपत नाही आणि साठीचा मनुष्यही विद्यार्थीच असतो. कारभाराला मुकादम, चौगुला, गबाय, हज्जान, शमाश असे मानकरी असत. गिरणीत मुकादम म्हटला की मजुराच्या कपाळाला आठी पडे. येथला मुकादम समाजाने आपल्यातून नेमलेला असे.

सर्वच गोड होते असे मात्र नाही. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला ‘काळे इस्राएल’ म्हणून या समाजाने दूर ठेवले. बगदादी ज्यूंनी तीच वागणूक सगळ्या बेने इस्राएलांना दिली. ज्यांना गावाने तेली म्हणून खालचे मानले, त्यांनीही आपल्याहून खालचा कोणी शोधलाच! हा रोग आपल्या भूमीचा आहे आणि विद्येने तो आपोआप जात नाही.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढील वर्षांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथेही या लोकांची परीक्षा चुकली नाही. १९६२ साली तेथील मुख्य रब्बींनी त्यांच्या लग्नांना वंशाच्या चौकशीची अट लावली. १९६४ साली कोकणच्या या लेकरांनी जेरुसलेमात ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले आणि रब्बींना नमते घ्यावे लागले. रस्त्यावर बसून हक्क मागण्याची रीत त्यांनी कोणत्या देशात पाहिली होती, हे आपल्याला सांगायला नको.

मागे राहिले ते थोडे. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आज देशातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास भरतील. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण सरकारी दर्जाने न सुटणारी एक अडचण आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. नऊ पंडित असले तरी चालत नाही. दहावा निरक्षर असला तरी चालतो. आमच्या मते या धर्मातील हा मोठा लोकशाहीचा नियम आहे, आणि कोकणातल्या छोट्या गावांत आज हाच नियम जड जातो. इमारत शाबूत असते, तोरा पेटीत असते, दहावा माणूस नसतो.

या दहाव्या माणसाचा विचार सुकापूरकरांनीही करावा. येथे आसपास गोदामे आली, इमारती आल्या, कंत्राटी पहारेकरी आणि घरपोच माल देणारी पोरे आली. त्यांतल्या किती जणांना आठवड्याचा दिवस निश्चित मिळतो? ज्याला दिवस नाही तो व्याख्यानाला येत नाही, वाचनालयात येत नाही, संघटनेच्या सभेलाही येत नाही. आणि मग आपण म्हणतो की कामगाराला ज्ञानाची गोडी उरली नाही. गोडी असते, तिला दिवस लागतो, जागा लागते आणि आपली भाषा लागते. शनवार तेल्यांनी यातले पहिले घाणा थांबवून राखले, दुसरे पदरमोड करून बांधले आणि तिसरे मराठीतून घडवले. पनवेलला गेलात तर बेथ एलवरून अवश्य जा. ती केवळ परक्या धर्माची जुनी वास्तू नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांनी स्वतःसाठी काढलेली ती शाळा आहे.