नांगरटीखालची नाणी

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक आणि नॉरफोक या परगण्यांत सुगी आटोपली की ज्या शेतांत लगेच गहू पेरायचा नसतो, ती नांगरून वसंतातल्या बार्लीसाठी किंवा शुगर बीटसाठी मोकळी ठेवतात, आणि उभे पीक नसलेल्या याच शेतांत जुनी नाणी हुडकणारे छांदिष्ट हिवाळाभर फिरतात. पावसाने व गोठणाऱ्या दंवाने ढेकळे फुटून जमीन बसली की मेटल डिटेक्टरची तबकडी, म्हणजे तारेच्या वेटोळ्याने चुंबकीय क्षेत्र निर्माण करून धातूची चाहूल घेणारा भाग, अगदी मातीलगत फिरवता येते. कडाक्याची थंडी पडून वरचा थर टणक झाला, तर मात्र खुरपेही चालत नाही. एकटेदुकटे नाणे बहुधा वीतभर खोलीत, नांगराने कित्येकदा उलथलेल्या मातीत मिळते, त्यामुळे ते उचलल्याने फारसे बिघडत नाही. त्याखालच्या अस्पर्श थराची गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी घडवलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत वापरले गेले. पुढे ट्रान्झिस्टरमुळे अशी यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये हा छंद फोफावला. पुरातत्त्वज्ञ संतापले, १९७९च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर विनापरवाना डिटेक्टर वापरण्यास बंदी आली, तरी रात्री चोरून खणणारे थांबले नाहीत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखायलाच फार वेळ लावला, असे म्हणावे लागते.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोकमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना सोन्याचांदीची नाणी लागली. थोडे खणून त्यांनी हात आखडता घेतला आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांना लाकडी पेटीच्या खुणांसह सगळा ठेवा आपापल्या जागी पाहता आला. त्यात १४,८६५ नाणी होती, बहुतेक सिलिक्वा नावाची रोमन चांदीची, आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या कडा कातरलेल्या. कातरणाऱ्याने चांदी काढून घेतली, पण सम्राटाचा मुखवटा कटाक्षाने शाबूत राखला. ४०७ नंतर नव्या चांदीचा पुरवठा आटलेल्या ब्रिटनमध्ये चलन कसे ताणून वापरले गेले, हे त्यावरून उमगते. सोबत मिरपुडीची चार चांदीची पात्रे निघाली, आणि ती मिरी भारताच्या मलबार किनाऱ्यावरून जात असे. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

जुन्या इंग्लिश कायद्यात निखात निधी, म्हणजे पुरून ठेवलेले बेवारस धन, राजसत्तेचे ठरायचे ते पुरणाऱ्याचा परत येऊन नेण्याचा इरादा असेल तरच. १९३९ साली सफोकमध्येच सटन हू येथील दफनातील सोने याच कसोटीवर निधी ठरले नाही, कारण मृताबरोबर ठेवलेले कोणी परत न्यायला येत नाही! १९९६च्या कायद्याने ही अट काढली आणि तीनशे वर्षांहून जुनी, एकत्र सापडलेली सोन्याची वा चांदीची किमान दोन नाणीही निधीत धरली. सुट्या नाण्यांच्या ऐच्छिक नोंदणीची योजना १९९७ मध्ये सुरू झाली.

भारतातील १८७८च्या कायद्यात अशी इराद्याची अट घातलेली नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरला कळवणे तो ज्याला सापडला त्याच्यावर बंधनकारक आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या क्षहरात राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आढळला. क्षहरात सत्तेच्या पराभवाचा हा पुरावा इतका ठोस ठरतो तो या प्रमाणामुळे, आणि हे प्रमाण मोजता आले ते नाणी सुटी होऊन सराफांच्या मुशीत जाण्याआधी मोठ्या संख्येने एकत्र तपासली गेली म्हणून.